शहराचा वाहतूक आराखडा नव्याने करताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात किनारपट्टीवरून आलेली बरीच पत्रे रस्ते, बस आणि विकास योजनेविषयी आहेत. त्यांतली सहा निवडून वाहतूक नियोजन आणि नगररचनेच्या जाणकारांकडून उत्तरे घेतली आहेत.

प्रश्न: एक ‘विकास योजना’ आणि दुसरा ‘मोबिलिटी प्लॅन’, अशी दोन नावे कानावर येतात. दोन्हींत रस्तेच दाखवतात. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा वाहतूक आराखडा सुधारायचा म्हणजे यांतला कोणता सुधारायचा? बंधनकारक कोणता?
— एक वाचक, नाचणे, रत्नागिरी

बंधनकारक आहे ती विकास योजना. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होते. शासनाची मंजुरी मिळाली की नकाशावरची रस्त्याची रेघ कायद्याची होते आणि त्या रेघेत बांधकामाला परवानगी मिळत नाही. कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांतून एकदा तरी तिची सुधारणा व्हायलाच हवी. मोबिलिटी प्लॅन म्हणजे शहरातल्या सगळ्या ये-जा करण्याचा आराखडा. त्याचा पाया आहे २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण. त्याचाही पल्ला वीस वर्षांचा, पण दर पाच वर्षांनी उजळणी अपेक्षित असते आणि कायद्याचे बळ त्याच्या मागे नसते.

अडचण इथेच होते. विकास योजनेत जमीन असते पण वाहतूक नसते. १२ मीटर, १८ मीटर अशा रुंद्या लिहिलेल्या असतात. त्या रुंदीत बस कुठे थांबणार, माणूस कुठून चालणार, हे नसते. मोबिलिटी प्लॅनमध्ये हे सगळे असते, पण त्यासाठी लागणारी एक गुंठाही जमीन त्यात राखलेली नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वाहतुकीचा अभ्यास, मग त्यातून निघालेल्या जागा (बसथांबे, वळणाचे कोपरे, वाहनतळ, अर्धवट राहिलेले जोडरस्ते) विकास योजनेच्या नकाशावर. हा क्रम उलटा झाला की अभ्यास हाती येईपर्यंत जमिनीचा प्रश्न मिटलेला असतो आणि अहवाल कपाटात जातो.

सुधारणेचे पहिले काम नवा रस्ता आखणे नव्हे, जुन्याची झडती घेणे. मंजूर विकास योजनेतल्या प्रत्येक रस्त्यासमोर चार गोष्टी लिहा: एकूण लांबी, किती जागा ताब्यात आली, किती रस्ता झाला, आणि उरलेला नेमका कुठे अडला. ‘भूसंपादन प्रलंबित’ एवढे लिहून भागत नाही. अडला तो एका घराशी, वहाळाशी (ओढ्याशी) की गटाच्या हद्दीशी, हे लिहिलेले असले पाहिजे. तीनशे मीटरच्या तुकड्यासाठी दोन किलोमीटरचा रस्ता निरुपयोगी पडून आहे, असे या यादीतून हमखास बाहेर येते. तो तुकडा जोडणे हे कित्येकदा नव्या बाह्यवळणापेक्षा जास्त मोलाचे असते.

प्रश्न: आम्ही काही निवृत्त मंडळी आणि कॉलेजची मुले मिळून मारुती मंदिर परिसरात वाहनांची मोजणी करू म्हणतो. ती सुधारित आराखड्याला उपयोगी पडावी अशी कशी करायची?
— एक वाचक, रत्नागिरी

जरूर करा, आणि अशी करा की कोणी तिला हौशी म्हणून बाजूला टाकू शकणार नाही.

सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ४ ते रात्री ८ असे आठ तास घ्या. प्रत्येक फाट्यावर येण्याच्या दिशेला दोन आणि जाण्याच्या दिशेला दोन माणसे ठेवा. एकाने फक्त दुचाकी आणि रिक्षा मोजायच्या, दुसऱ्याने बाकीचे सगळे. एकच माणूस सगळे मोजायला बसला की दुचाकी निसटतात. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखा आणि पाच-पाचच्या रेघांनी खुणा करा. दर दोन तासांनी माणूस बदला. चहासाठी उठायचे तर बदली माणूस बसल्यावरच. रिकामा गेलेला रकाना मागाहून अंदाजाने भरू नका, कोराच सोडा.

वाहनांचे प्रकार असे: सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार (जीप आणि वडाप यातच), छोटा टेम्पो, एसटी व इतर बस, ट्रक, हातगाडी. मग त्यांचे ‘मोटार-तुल्य’ आकड्यांत रूपांतर करायचे, म्हणजे एका मोटारीच्या हिशेबात प्रत्येक वाहन किती रस्ता अडवते ते काढायचे. भारतीय रस्ते महासभेच्या (आयआरसी) १०६ क्रमांकाच्या १९९० च्या संहितेत हे गुणक आहेत. एकूण वाहनांत त्या प्रकाराचा वाटा ५ टक्के किंवा कमी असेल तर पहिला आकडा, १० टक्के किंवा जास्त असेल तर दुसरा: दुचाकी ०.५ व ०.७५, रिक्षा १.२ व २.०, छोटा टेम्पो १.४ व २.०, बस-ट्रक २.२ व ३.७. मोटार नेहमी १.

एक नमुना करून पाहू. समजा एका रस्त्यावर पंधरा मिनिटांत दोन्ही दिशांनी मिळून १६० दुचाकी, ४५ रिक्षा, ५० मोटारी, १२ छोटे टेम्पो आणि ८ बस-ट्रक गेले. एकूण २७५. दुचाकींचा वाटा ५८ टक्के, म्हणून १६० × ०.७५ = १२०. रिक्षा १६ टक्के, म्हणून ४५ × २ = ९०. मोटारी ५०. टेम्पो ५ टक्क्यांच्या आत, १२ × १.४ = १६.८. बस-ट्रक ८ × २.२ = १७.६. बेरीज २९४ च्या थोडी वर, म्हणजे तासाला याच वेगाने साधारण ११७८.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? त्याच संहितेत दोन पदरी, दुतर्फा शहरी रस्त्यासाठी तासाला तीन मर्यादा दिल्या आहेत: मुख्य रस्ता १५००, उपमुख्य १२००, आणि ज्याच्या कडेला वाहने उभी राहतात, आडवी रहदारी बरीच असते, तो रस्ता ९००. म्हणजे आपला नमुन्यातला रस्ता कडेची वाहने हटवली तर मर्यादेच्या आत आहे, आणि वाहने तशीच उभी राहिली तर मर्यादेच्या बराच पुढे गेलेला आहे. एक फूटही रुंदी न वाढवता तीनशेचा फरक पडतो. रुंदीकरणाचा प्रस्ताव समोर आला की हे गणित त्याच्या शेजारी ठेवलेच पाहिजे. अनेक ठिकाणी भिंती पाडून वाढवलेली जागा पुढच्या वर्षी पार्किंगनेच भरते.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच असते. वाहने तुंबली की मोजणीचा आकडा उतरतो. संध्याकाळी सहाला चौक भरून उभा असेल तर पंधरा मिनिटांत कमीच वाहने पुढे सरकतात, आणि कागदावर दिसते की गर्दी ओसरली. म्हणून मोजणीच्या बरोबरीने रांगेची लांबीही नोंदवा. विजेचे खांब किंवा दुकाने खुणेला धरा आणि दर पंधरा मिनिटांनी रांगेचे शेपूट कुठवर आहे ते लिहा.

दुसरी चूक हंगामाची, आणि कोकणात ती फार महागात पडते. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस घ्या, हा नियम सगळीकडे सांगतात. आपल्याकडे तेवढे पुरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोजले तर मिरकरवाडा बंदरातून निघून शहर ओलांडत महामार्गाकडे जाणाऱ्या मासळीच्या गाड्या हिशेबातच येत नाहीत. मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो आणि चाकरमान्यांच्या गाड्या एकदमच येतात. गणपतीच्या आठवड्याचे तर विचारायलाच नको. म्हणून चार मोजण्या: फेब्रुवारीत (शाळा चालू, हवा कोरडी), मेच्या मध्यावर, जुलैच्या पावसात, आणि गणपतीत. रस्त्याची रुंदी फेब्रुवारीवरून ठरवा. मे आणि गणपतीसाठी तात्पुरती व्यवस्था आखा: एकेरी मार्ग, शहराबाहेर वाहनतळ, जादा बस. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी बारमाही रस्ता रुंद करून घरे पाडणे हा चुकीचा हिशेब आहे.

प्रश्न: जुन्या आराखड्यातले वीस वर्षांचे अंदाज सपशेल चुकले म्हणतात. मग नव्या अंदाजांवर विश्वास का ठेवावा?
— एक वाचक, अलिबाग

डोळे मिटून ठेवू नयेच. वीस वर्षांच्या अंदाजात सुरुवातीची छोटी चूक चक्रवाढीने वाढत जाते. वाहनांची वाढ वर्षाला ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी ती २.६५ पट होतात. ८ टक्के धरली तर ४.६६ पट. तीन टक्क्यांच्या फरकाने एकीकडे दोन पदर पुरतात आणि दुसरीकडे चार मागितले जातात. म्हणून अहवालात एकच वाढदर दिसला तर विचारा, की हा दर कशावरून धरला, आणि तो दोन टक्क्यांनी कमी-जास्त झाला तर कोणकोणते प्रस्ताव टिकतात? जे प्रस्ताव तिन्ही दरांना टिकतात ते आधी हाती घ्यायचे.

सध्याची खरी अडचण पायाच्या आकड्यांची आहे. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतरची लोकसंख्या अंदाजाने वाढवत नेण्यापेक्षा घरगुती वीजजोडण्या, नळजोडण्या आणि शाळांचे पट यांचा दरवर्षीचा कल पाहावा. घरपट्टीच्या नोंदी इथे फसवतात, कारण कोकणात कुलूपबंद घरांचीही घरपट्टी भरली जाते. माणसे मुंबईला, घर गावात. घरोघरच्या प्रवास-पाहणीतही हाच घोळ होतो. मेमध्ये पाहणी केली तर घर भरलेले दिसते, ऑगस्टमध्ये दोन म्हातारी माणसे. ५० हजार ते दीड लाख वस्तीच्या शहरात आठ घरांमागे एक, निदान वीस घरांमागे एक घर निवडावे, असे प्रमाण या शास्त्रात रूढ आहे. निवडलेले घर बंद निघाले तर ‘बंद’ अशी नोंद करायची. शेजारचे उघडे घर घेऊन आकडा भरला की शहर आहे त्यापेक्षा मोठे दिसू लागते.

वाहननोंदणीचे आकडेही जपून वापरा. एमएच-०६ (रायगड) असो की एमएच-०८ (रत्नागिरी), ती नोंद एका शहराची नसते. शिवाय भंगारात गेलेली किंवा मुंबईत फिरणारी गाडी नोंदवहीतून आपोआप कमी होत नाही.

जुना आराखडा मात्र टाकून देऊ नका. त्यातले अंदाज आणि आज रस्त्यावर मोजलेले आकडे शेजारी मांडा. कुठे चुकले हे पाहण्यापेक्षा कशामुळे चुकले हे पाहा. वसाहत वेगळ्या बाजूला वाढली, की बस बंद झाल्यामुळे लोक दुचाकीवर आले? दुसरे कारण असेल तर रस्ता रुंद करून ते दूर होणार नाही.

प्रश्न: मी आणि माझ्या शेजारणी रोज चालत नाहीतर बसने बाजारात जातो. आराखड्यात आमच्यासारख्यांसाठी काय असायला हवे ते सोप्या शब्दांत सांगाल का?
— एक वाचक, राजीवडा, रत्नागिरी

ताई, दोन गोष्टी मागा, आणि दोन्ही आकड्यांत मागा. ‘पदपथ चांगले करा’ असे म्हटले की काहीच होत नाही.

पहिली गोष्ट पदपथ. आयआरसीच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे निदान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा चालायला हवी. दुकानाची पायरी, रोहित्र, फलक, झाड यांची जागा या १.८ मीटरमध्ये धरायची नाही. कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा जास्त नको. ती जास्त असली की गुडघे दुखणारी बाई रस्त्यावर उतरून चालते. आपल्याकडे पदपथ बहुतेक गटाराच्या लाद्यांवरच असतो. पावसाआधी गाळ काढायला लाद्या उचलतात आणि त्या पुन्हा नीट बसत नाहीत. तिरक्या लादीवर शेवाळ धरले की पाय घसरतो. म्हणून लादीला उचलायच्या कड्या, खाली सारखी बैठक आणि वर खरखरीत पृष्ठ, हे निविदेतच लिहिलेले असावे.

दुसरी गोष्ट बस. किती गाड्या लागतील याचा हिशेब घरी बसून करता येतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला २२ मिनिटे आणि प्रत्येक टोकाला ८ मिनिटे थांबा धरला तर पूर्ण फेरी ६० मिनिटांची. दर १५ मिनिटांनी बस हवी तर ६० भागिले १५, म्हणजे चार गाड्या, आणि बिघाडासाठी एक राखीव. आता बाजारात कोंडी होऊन प्रत्येक बाजूला पाच मिनिटे वाढली तर फेरी ७० मिनिटांची होते आणि तेवढ्याच सेवेसाठी पाच गाड्या लागतात. पाचवी गाडी आणि तिचे चालक-वाहक मिळाले नाहीत की वेळापत्रक कोलमडते, मग दोन बस पाठोपाठ येतात आणि पुढे अर्धा तास काहीच येत नाही. म्हणूनच बाजारातली कोंडी सोडवणे आणि बस नेमाने चालणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. आराखड्यात प्रत्येक मार्गासाठी दोन बसमधले अंतर मिनिटांत, पहिली-शेवटची बस आणि लागणाऱ्या गाड्यांची संख्या लिहिलेली आहे का, ते पाहा. नुसती ‘सार्वजनिक वाहतूक सक्षम करणे’ अशी ओळ असेल तर लेखी सूचना द्या. मासळीची टोपली घेऊन चढणाऱ्या बायकांसाठी कमी उंचीची पायरी आणि टोपलीला जागा, हेही त्यात लिहा. रोजच्या प्रवासातली ही गोष्ट कुठल्याच पाहणीच्या अर्जात रकाना म्हणून नसते.

प्रश्न: पुरानंतर सगळे म्हणतात, रस्ते उंच करा. आराखड्यात तेच यावे का?
— एक वाचक, चिपळूण

सरसकट नको. भराव टाकून उंच केलेला रस्ता हा पाण्याच्या दृष्टीने बांध असतो. त्याखालच्या मोऱ्या पुरेशा नसतील तर एका बाजूला पाणी तुंबते आणि पूर्वी कोरडी राहणारी घरे बुडतात. वाशिष्ठीसारख्या भरतीचे पाणी आत येणाऱ्या नदीच्या काठी तर वरचा लोंढा आणि खालची भरती एका वेळी आली की पाण्याला निघायला वाटच राहत नाही.

पाटबंधारे खात्याच्या निळ्या रेषेचा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषेचा (१०० वर्षांतून एकदा येणारा) नकाशा घ्या आणि रस्त्यांच्या नकाशावर ठेवा. मग रुग्णालय, अग्निशमन केंद्र, एसटी आगार आणि रेल्वे स्थानक यांच्यापासून निदान एक रस्ता लाल रेषेबाहेरून उंच जागी पोहोचतो का, एवढे तपासा. तो नसेल तर तेवढाच रस्ता उंच करायचा, आणि भरावापेक्षा खांबांवर किंवा रुंद गाळ्यांच्या मोऱ्यांवर. बाकीचे रस्ते बुडणार हे मान्य करून त्यांचा पृष्ठभाग काँक्रीटचा करावा, म्हणजे पाणी ओसरल्यावर त्याच दिवशी वापरता येतात. २२ जुलै २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून दिसत असतील तर त्यांची उंची रस्त्यापासून मोजून, फोटो काढून, सूचनेला जोडा.

प्रश्न: आमच्या आंब्याच्या बागेतून १८ मीटरचा रस्ता प्रारूप योजनेत दाखवला आहे. हरकत कशी घ्यावी? जुन्या योजनेतला आणखी एक रस्ता आमच्याच दुसऱ्या गटात आहे. तो वर्षानुवर्षे झालाच नाही.
— एक वाचक, मालवण

दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

प्रारूप योजनेवरची हरकत कलम २६ खाली घ्यायची. प्रसिद्धीच्या नोटिशीत मुदत दिलेली असते आणि ती राजपत्रातल्या तारखेपासून धरतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत सातबारा, गट नकाशा, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि प्रारूप नकाशाच्या त्या भागाची प्रत जोडा. ‘माझी बाग वाचवा’ एवढ्यावर सुनावणीत फारसे काही होत नाही. समिती पर्याय शोधत असते, तो तुम्ही द्या. रस्ता किती मीटर कोणत्या बाजूला सरकवला तर किती कलमे वाचतात, वळणाची त्रिज्या कमी तर होत नाही ना, दुसऱ्याचे घर तर जात नाही ना, हे नकाशावर लाल शाईने काढून दाखवा. कलमांची संख्या आणि वय, विहीर, वहाळाची दिशा हेही लिहा. बागेतून वहाळ जात असेल तर मोरीचा खर्च वाढतो, आणि हा मुद्दा तांत्रिक असल्यामुळे ऐकला जातो. आखणी खाडीकडे सरकवायची सूचना करण्याआधी मात्र थांबा. कांदळवन (खारफुटी) सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, सर्वांत कडक वर्गात येते. तिथला रस्ता अपवाद म्हणूनच मंजूर होतो, त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगीही लागते, आणि बाधित कांदळवनाच्या निदान तिप्पट लागवड करावी लागते. असा पर्याय समिती बहुधा पहिल्याच वाचनात बाजूला ठेवते.

नियोजन समितीपुढे सुनावणीला स्वतः जा. वेळ मोजकी मिळते, म्हणून एका पानाचा नकाशा आणि पाच ओळी तयार ठेवा. बोललेले सगळे नोंदले जाईल असे धरू नका. ते लेखी देऊन या.

दुसऱ्या गटाला कलम १२७ लागू होऊ शकते. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नसेल तर मालकाला नोटीस देता येते. नोटीस दिल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. (ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने आहे. जुन्या पुस्तकांत कमी दिसेल.) नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रे जोडणे कायद्यातच सांगितले आहे, ती नसली तर नोटीसच सदोष म्हणून उडते. वडिलोपार्जित जमिनीत सातबाऱ्यावर मुंबईतल्या भावंडांची नावे असतात, तेव्हा सगळ्यांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र आधी गोळा करा. ती सह्यांची कामे गणपतीत, सगळे गावात असताना उरकून घ्या, कारण प्राधिकरणाची २४ महिन्यांची मुदत नोटीस पोचल्याच्या दिवसापासूनच मोजायला लागते.